गुडघ्यांच्या पैशांचा कॉम्प्युटर

हिराक्का मोबाइलमधल्या माणसांशी भांडते. फोनवर बोलणाऱ्यांशी नव्हे, त्यांच्याशी सगळेच भांडतात. ती व्हिडिओतल्या माणसांशी भांडते. आमच्या दोन घरांत भिंत एकच, त्यामुळे सकाळी माझी दाढी चालू असताना पलीकडून दणदणीत आवाज येतो, "अरं ए, मुद्द्याचं बोल की! कवाधरनं नुसतं नमस्कार मित्रांनो, नमस्कार मित्रांनो! पुढं सरक!"

"पुढं सरक" हे तिचं नोकरीतलं वाक्य. हिराक्का एसटीत कंडक्टर होती. नवरा ड्रायव्हर होता. तो गेला तेव्हा प्रमोद, तिचा एकुलता एक मुलगा, अजून बोबडं बोलत होता. नवऱ्याच्या जागी तिला नोकरी मिळाली आणि म्हसवडकडची ही बाई साताऱ्यात येऊन आमची शेजारीण झाली. मी तेव्हा शाळकरी होतो. तिनं मला ढीगभर शेंगदाण्याच्या चटण्या आणि त्याहून जास्त शिव्या खाऊ घातल्या आहेत. त्यामुळे आजही मी तिला अहोजाहो करत नाही. केलं तर तिला राग येतो. नाही केलं तरी इतर कारणांनी येतोच.

उभ्या नोकरीनं तिचे गुडघे गेले. घरासमोरच्या पायऱ्या उतरताना ती दर पायरीला एक शिवी देते. पायऱ्या बांधणाऱ्या गवंड्याला, गवंडी आणणाऱ्या ठेकेदाराला, आणि शेवटच्या पायरीवर मला, कारण तोवर मी हात द्यायला पुढं झालेलो असतो.

तर एका रविवारी ही आमच्या दारात उभी. "सुनील, चल. गेमिंगचा कॉम्प्युटर घ्यायचाय."

मी पतसंस्थेत कारकून आहे. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसतो म्हणून मला त्यातलं सगळं कळतं, असा गल्लीचा समज आहे. मी तो मोडत नाही. पण त्या दिवशी माझ्या तोंडून नको तो प्रश्न गेला. "कुणासाठी?"

"कुणासाठी म्हंजे? प्रमोदला पोर न्हाई. तुझं अजून पाळण्यात पडलंय. मग कुणासाठी असंल? माझ्यासाठी! बाईमाणसानं खेळायचं नस्तं व्हय?"

"खेळ की आक्का. पण त्याला पैसे लागतात."

"गुडघ्यांचे हायत."

आता गुडघ्यांचे पैसे म्हणजे काय, ते अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन करायचं म्हणून तिनं निवृत्तीच्या पैशातला एक हिस्सा बाजूला काढला होता आणि पुण्याहून प्रमोद त्यात भर घालत होता. त्या पैशाला तिनं कधी हात लावला नव्हता. मी म्हटलं, "आणि गुडघे?"

"गुडघं ऱ्हाऊ देत. चप्पल घाल."

साताऱ्यातल्या पहिल्या दुकानात काउंटरवरचा तरुण फार गोड बोलणारा निघाला. तिथंच घात झाला. तो म्हणाला, "या आजी! नातू कितवीला आहे?"

हिराक्का एवढंच म्हणाली, "नातू न्हाई. मला पायजे." हा तिच्या संयमाचा कळस होता. त्यानं माझ्याकडं बघून डोळा मिचकावला, ते तिनं पाहिलं.

"त्याच्याकडं काय बघतोस? गिऱ्हाईक मी हाय. अक्कल गहाण टाकलीया का?"

तो बिचारा गडबडला आणि त्यानं दुकानातली सर्वांत झगमगीत पेटी पुढं ओढली. काचेची, आत लाल-निळे-हिरवे दिवे फिरणारी. त्यावर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत गेमिंग असं लिहिलेलं. हिराक्कानं पेटीभोवती एक फेरी मारली.

"ह्यो कॉम्प्युटर हाय का लग्नाचा मांडव? ह्यात ग्राफिक्स कार्ड कुठलं हाय?"

त्यानं चाचरत सांगितलं. पेटी नवी आणि कार्ड कैक वर्षांपूर्वीचं. महिनाभर व्हिडिओंशी भांडून तिला एवढं तरी नक्की कळलं होतं की खेळ चालतो तो कार्डाच्या जिवावर, दिव्यांच्या नव्हे. मग ती जे बोलली ते छापण्यासारखं नाही. आम्ही बाहेर पडलो तेव्हा समोरचा वडापाववाला हातातला झारा तसाच धरून उभा होता.

पुढच्या आठवड्यात आम्ही सांगलीला गेलो. एसटीनं. वाटेत तिनं कंडक्टरच्या चार चुका काढल्या आणि ड्रायव्हरच्या दोन. सांगलीचं दुकान एका बोळात होतं आणि मालक मगदूम नावाचा शांत गृहस्थ. त्यानं नातवाची चौकशी केली नाही. पाण्याचे ग्लास पुढं ठेवले आणि विचारलं, "काय खेळणार, आक्का?"

हा प्रश्न तोवर तिला कुणीच विचारला नव्हता, मीसुद्धा नाही. हिराक्का पहिल्यांदाच अडखळली.

"डोंगर दिसलं पायजेत," ती म्हणाली. "लांबवरचं. गवत नीट दिसलं पायजे. आन् मधीच अडकायला नको. चालत्यालं चालत ऱ्हायलं पायजे."

मगदूमनं मान डोलावली. मग त्यानं एकेक भाग काउंटरवर मांडला. मदरबोर्ड साधा चालेल. प्रोसेसर आधीच्या पिढीचा घेऊ, स्वस्त पडतो आणि कमी पडत नाही. रॅमची एक मोठी पट्टी घेण्यापेक्षा दोन लहान घेऊ, काम वेगानं होतं. जास्तीत जास्त पैसा कार्डात घालू. आणि पॉवर सप्लायवर वाचवू नका, कारण तो जळतो तेव्हा एकटा जात नाही, बाकीच्यांना घेऊन जातो.

हिराक्का ऐकत होती. शिवी नाही, टोमणा नाही. मला वाटलं, संपलं, आता जेवायला जाऊ. तेवढ्यात कॅबिनेट आलं. कॅबिनेट म्हणजे हे सगळं ज्यात बसवायचं ती पेटी. हिराक्कानं कोपऱ्यातलं सर्वांत लहान, सर्वांत स्वस्त कॅबिनेट उचललं.

"आक्का, ह्यात कार्ड बसणार नाही. कार्ड लांब आहे."

"बसतंय."

"नाही बसत."

"आवं, तिघांच्या शिटावर मी पाच-पाच माणसं बसवल्यात, बोचक्यांसकट! तुमी कार्डाचं काय सांगताय मला? नुसत्या पत्र्याला कशाला पैसं घालू?"

मगदूमनं माझ्याकडं पाहिलं. मी पंख्याकडं पाहिलं. जोडणीसुद्धा तिनं करून घेतली नाही. "व्हिडिओ बघितल्यात मी," म्हणाली. सगळी खोकी घेऊन आम्ही परत आलो. म्हणजे खोकी मी घेतली आणि तिनं गर्दीला "पुढं सरका" म्हटलं.

दुसऱ्या दिवशी जोडणी. तिच्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर चादर अंथरली होती. मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकून ठेवलेला आणि त्यातला माणूस सांगतोय. तो "हळुवारपणे" म्हणाला की हिराक्का ओरडायची, "मग मी काय घण घालतीया?" प्रोसेसर बसला. रॅम बसली, टक् आवाज झाला तेव्हा आम्ही दोघांनीही दचकून हात मागं घेतले. शेवटी कार्ड आलं. ते आत जाईना. दोन बोटं बाहेर राहिलं.

तिनं ते आडवं करून पाहिलं, तिरकं करून पाहिलं. मग सरळ दम दिला. "सरक आत! सरक म्हंते न्हवं!"

कार्ड सरकलं नाही. तिच्या हयातीत तिनं सरक म्हटल्यावर न सरकलेलं हे पहिलंच. तिनं ते अलगद खोक्यात ठेवलं, मगदूमला फोन लावला आणि म्हणाली, "तुमी मला जोरात का न्हाई सांगितलं? एवढं हळू बोलत्यात व्हय धंद्यात?" पलीकडून तो काय म्हणाला कळलं नाही. पण दोन दिवसांनी मोठं कॅबिनेट पार्सलनं आलं आणि लहान परत गेलं. तिनं मगदूमसाठी चटणीचा डबाही पाठवला. वर कागद चिकटवला होता, "डबा परत पाठवणे."

कॉम्प्युटर सुरू झाला आणि एक विचित्र गोष्ट घडली. भिंतीपलीकडचा आवाज बंद झाला. दुपारची भांडी आवरली की तिचं दार लागायचं ते संध्याकाळी दिवा लावायलाच उघडायचं. ना आरडाओरडा, ना शिव्या. बायको म्हणाली, "जाऊन बघा तरी." मी दार वाजवलं तर आतून "काय मेलं न्हाई हितं कुणी" असं उत्तर आलं. जिवाला बरं वाटलं.

मग प्रमोदला कळलं. कुणी सांगितलं माहीत नाही, आमच्या गल्लीला सांगावं लागत नाही. त्यानं मला फोन केला आणि आईचाच मुलगा असल्याचं सिद्ध केलं. "दादा, आई गुडघ्यांचे पैसे खेळण्यात घालत होती आणि तू तिच्या पिशव्या उचलत होतास?" शनिवारी सकाळी तो येऊन धडकला. मला भिंतीतून सगळं ऐकू येत होतं, तरी त्यानं मला बोलावून घेतलं.

तो खोलीच्या मध्ये उभा होता, शर्ट घामानं भिजलेला. हिराक्का खाटेवर.

"मी ऑपरेशनसाठी रजा राखून ठेवलीय, आई! वर्षभर कुठं गेलो नाही, बायकोला कुठं नेलं नाही. आणि तू? गेम? तुझं डोकं ठिकाणावर आहे का?"

"आवाज खाली घे. ह्ये तुझं हापिस न्हाई."

"नाही घेत! तुला पायऱ्या उतरता येत नाहीत, संडासला जाताना भिंत धरतेस, आणि..."

"धरते! माझी भिंत हाय!"

मलाही राग आला होता. पिशव्यांचं बोलणं लागलं होतं आणि तो खोटंही बोलत नव्हता. मी म्हटलं, "आक्का, त्याचं बरोबर आहे. ह्यावेळी तूच चुकलीस."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं आता पेटणार. पण ती पदरानं मान पुसत म्हणाली, "ऑपरेशन व्हणार न्हाई."

"म्हणजे?"

"हृदयाच्या डाक्टरनं न्हाई म्हणून सांगितलं. भूल सोसायची न्हाई म्हणला. हायत त्या पायांवर भागवा म्हणला."

प्रमोद खाली बसला. "कधी गेली होतीस?"

"उन्हाळ्यात."

"एकटी?"

"मग काय वाजत-गाजत जाऊ?"

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू रडला अस्तास." मग त्याच्याकडं बघत, "बघ, आत्ताबी तेच चाललंय."

तो खरंच रडत होता. मी दाराची कडी न्याहाळत राहिलो. हिराक्काला मात्र रडण्याचा राग येतो. ती म्हणाली, "त्ये पैसं नुसतं पडून हुतं. आठवलं की डोकं फिरायचं. कशाला ठिवू? डाक्टरच्या नावानं उदबत्ती लावू?"

प्रमोदनं डोळे पुसले. "पण मग हे कशाला, आई? हेच का?"

ती खाटेचा कठडा धरून उठली, टेबलापाशी गेली, खुर्चीत बसली आणि बटण दाबलं. पंख्याचा बारीक घरघराट सुरू झाला. पडदा उजळला.

डोंगर होते. एकामागं एक, शेवटचे निळसर. पुढं पिवळं गवत वाऱ्यावर एका अंगाला झुकलेलं, आणि त्यात पाठमोरी एक बाई, पाठीला गाठोडं. पडद्याच्या कोपऱ्यात इंग्रजी अक्षरं लुकलुकत होती. खालच्या गावात जा, कुणा सरदाराला भेट, लढाईची तयारी कर.

"ह्यांची लढाई ह्यांच्यापाशी," हिराक्का म्हणाली. "मी गेलीच न्हाई कवा त्या गावात."

तिनं बटणावर बोट दाबलं आणि पडद्यावरची बाई पळायला लागली. गवतातून, खडकांवरून, उताराला, पुन्हा चढाला. कुठं जायचं नव्हतं. हिराक्का मागं न बघता बोलत होती. म्हसवडच्या पल्याडच्या माळावर तिच्या बापाची मेंढरं होती. बाप पुढं, कुत्रं मागं, आणि पांगलेली मेंढरं वळवायला ही. अनवाणी. "माझ्याम्होरं कोण जात नव्हतं. पोरं बी न्हाईत. भाऊ म्हणायचा, हिला वारा लागलाय." चढ आला, तिनं बोट जरा जास्त दाबलं. "लगीन झालं. मंग कोण पळू देतंय? आन् गाडीत तर हुबंच ऱ्हायचं."

प्रमोद माझ्या शेजारी येऊन उभा राहिला होता. अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "दादा, मी आईला पळताना कधी बघितलंच नाही."

मीही बघितलं नव्हतं.

त्यानं स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं आणि तिच्या खुर्चीला लावून बसला. जरा वेळानं विचारलं, "पळायचं बटण कुठलं गं?"

"हात काढ. माझं झाल्यावर."

त्यानं हात काढला. पडद्यावरच्या बाईनं टेकडी ओलांडली, पलीकडचा माळ उघडला आणि हिराक्कानं जीभ टाळ्याला लावून एक विलक्षण आवाज काढला, टुर्रर्र, असा, मेंढरं वळवायचा, जसा मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. निघावं म्हणून मी वळलो आणि सहज खाली नजर गेली. टेबलाखाली तिनं चपला काढून ठेवल्या होत्या. सुजलेल्या गुडघ्यांखाली तिच्या दोन्ही टाचा उचललेल्या होत्या, आणि ती चवड्यांवर होती.