आंगाले लागते ते

गजभिये काकांनी उशी विकत घेण्याआधी दुकानातच अकरा मिनिटं झोप काढली. मिनिटं मी मोजली, कारण तिथे उभं राहून दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. सुपेला बाजारातला तो गादीवाला आधी हसला, मग खाकरला, मग त्यानं पंखा बंद केला. काका हलले नाहीत. बाराव्या मिनिटाला स्वतःहून उठले, मान दोन्ही बाजूंना वळवून पाहिली आणि म्हणाले, "रिजेक्ट. डावीकडे उतार है."

काका आमचे शेजारी. त्यांच्या आणि आमच्या क्वार्टरमध्ये मेंदीचं कुंपण आहे, तेही छातीइतकंच उंच. त्यामुळे काकांचं माझ्यापासून काही लपत नाही. ते इथल्या पोलाद प्लांटच्या रेल मिलमध्ये एकतीस वर्षं तपासणीला होते. थंड झालेल्या रुळांच्या बाजूनं वाकून चालायचं, केसाएवढी चीर शोधायची आणि सापडली की खडूनं फुली मारायची. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी खडू अजून सदऱ्याच्या खिशात असतो. मागच्या वर्षी एका दुकानात त्यांनी प्लॅस्टिकच्या सहा खुर्च्यांपैकी चारांवर फुल्या मारल्या. दुकानदार भांडायला धावला, तर त्यालाच समजावून सांगितलं, "भैया, तुम्हाराच फायदा कर रहा हूँ. गिराहक की टांग टूटेगी, तो किसके पास आएगा?"

"जे आंगाले लागते, ते आंगानंच घ्याचं," हा काकांचा नियम. फोनवर चित्र पाहून माल मागवणाऱ्यांबद्दल त्यांना कीव वाटते. अंगाला काय काय लागतं, याची यादी मी एकदा त्यांच्याकडून लिहून घेतली. उशी, गादी, चप्पल, चष्मा, बनियन, पंचा, कंगवा, सायकलची सीट असं करत ती सव्वीसवर गेली. त्यात भाजीही होती. भाजी अंगाला कशी लागते, असं विचारलं.

"आतून लागते."

"मग ऑनलाइन मागवायला उरलं काय, काका?"

"बल्ब," ते म्हणाले. "अन् झाडू. झाडू कोन आंगाले लावते?" मग, आत काकू होत्या त्या दाराकडे एकदा पाहून त्यांनी दुरुस्ती केली. "झाडू डाऊटफुल."

चप्पल घ्यायला गेले की काका जुनी चप्पल दुकानदाराकडे तारण ठेवतात आणि नवी घालून चौकापर्यंत जाऊन येतात. एकदा मी सोबत चाललो. जाऊन येऊन सहाशे बारा पावलं. काकांच्या मते नवी चप्पल पहिली दोनशे पावलं गोड बोलते, खरा स्वभाव तिथून पुढे कळतो. बाजारात वांगी घेताना ते प्रत्येक वांग्यावर बोटाच्या पेरानं टकटक करतात आणि कान लावतात. आमची भाजीवाली बाई छत्तीसगढी. एक दिवस तिचा संयम सुटला. "बबा, ये भांटा आय, रेलपटरी नोहे!" काकांनी तेवढ्यात दोन वांगी बाजूला काढली होती. तिनं चिडून ती चिरून दाखवली. दोन्हींत अळी निघाली. त्या दिवसापासून ते आले की ती वांगी फडक्याखाली झाकते.

मी प्लांटच्या वजनकाट्यावर आहे. काटा दाखवेल तो आकडा लिहायचा, एवढंच माझं काम. मला वेळ वाया गेलेला आवडत नाही, म्हणून मी सगळं घरबसल्या मागवतो. काकांना हे माहीत आहे. एकदा माझ्या बुटांच्या खोक्यातून दोन्ही डावे बूट निघाले, आणि काका नेमके तेव्हाच कुंपणाशी होते.

"घाला न, काटेवाले," ते म्हणाले. "आनलाईनचे आहेत. तुमचाच उजवा पाय चुकीचा असन."

बंगळुरूला राहणाऱ्या त्यांच्या सुधीरचं लग्न मात्र नेटवर जमलं. सून आधी फोटोत पसंत केली, बोलणी पडद्यावर झाली. मी ही संधी सोडणं शक्यच नव्हतं. "काका, ही कशी विनातपासणी?" काका खडू खिशात आत ढकलत म्हणाले, "थे सुधीरचं डिपार्टमेंट."

इथपर्यंत काका म्हणजे आमच्या अख्ख्या स्ट्रीटची फुकटची करमणूक होती. मग दिवाळीनंतर काकूंना नागीण झाली. डाव्या खांद्यापासून मानेपर्यंत फोडांची माळ उठली. फोड महिन्याभरात सुकले, आग मात्र राहिली. डॉक्टर म्हणाले, नस दुखावली आहे, वेळ लागेल. किती, ते त्यांनी सांगितलं नाही. काकूंना खांद्यावर कापड सहन होईना. डाव्या खांद्याची शिवण उसवलेला एक गाऊन घालून त्या घरात बसल्या, आणि साडी नेसता येत नाही म्हणून दाराबाहेर येईनाशा झाल्या. दर वर्षी बुद्धपौर्णिमेला विहारात बायकांची वंदना काकूच सांगतात. पांढरं पातळ नेसून पुढे बसतात आणि मागून पन्नास-साठ बायका म्हणतात. पातळ म्हणजे साडी, आम्ही विदर्भाकडचे लोक तसंच म्हणतो. या वर्षी काकू म्हणाल्या, "मी नाई येत. दुसऱ्या कोनाले बसवा."

काका म्हणाले, "पातळ मी आनतो. तू जाशीन."

पौर्णिमेला दोन महिने होते. काका सुपेल्यात फिरले, पॉवर हाऊसच्या बाजारात फिरले. पॉवर हाऊसच्या दुकानात मी होतो. काका पांढरी साडी उलगडायला लावत, डोळे मिटत आणि पदर स्वतःच्या मानेवर घासत. मग मान हलवत. दुसरी. तिसरी. त्रेचाळीस साड्या झाल्या. दुकानातला सेल्समन म्हणाला, "अंकल, साडी चाहिए कि मफलर?" सगळे हसले. त्यातले दोघे माझ्या ओळखीचे होते, म्हणून मी तीन पावलं सरकून रुमालांच्या काउंटरवर उभा राहिलो आणि रुमाल निरखू लागलो.

परतताना ऑटोत मी जरा रागानंच विचारलं, "हातानं पाहता येत नाही का, काका? मानेला कावून घासता?"

त्यांनी दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले. चामड्यासारखे. "हात मेले जी. एकतीस वर्षं लोखंड धरलं. याईले मलमल अन् पोतं सारखंच. मान तेवढी जिती आहे." मग तळवे मागे घेत म्हणाले, "अन् तिले तिथंच लागते न."



दुकानं संपली तेव्हा काकांनी जे केलं ते कोणाला सांगितलं नाही. सुधीरनं त्यांच्या फोनमध्ये खरेदीची सोय करून दिली होती. नुसतं बोला पापा, म्हणाला होता, वस्तू घरी येते. काकांनी मोरीत जाऊन, दार लावून, फोनला सांगितलं, "सफेद पातळ, नरम." चष्मा बाहेर राहिला होता. पडद्यावर पांढरी घडी दिसली, ती दाबली. पाचव्या दिवशी खोकं आलं. काका ते तसंच उचलून आमच्या घरी आले आणि त्यांनी ते माझ्यासमोर आदळलं. आत शंभर पांढऱ्या कागदी पत्रावळी होत्या. फोन हिंदीत ऐकत होता. त्यानं पातळचं पत्तल केलं होतं, आणि नरम मागितल्या म्हणून नरम पाठवल्या होत्या.

माझी बायको हसता हसता खाली बसली. काकांनी तिथूनच सुधीरला फोन लावला. "काय बाबू, तुह्या आईले पत्रावळी नेसवू का?" सुधीर म्हणाला, "पापा, रिटर्न कर दो न." काका म्हणाले, "अबे, मराठीत बोल," आणि फोन ठेवला.

शेवटी दुर्गच्या एका जुन्या दुकानातून त्यांनी एक सुती पातळ आणलं. शेरा होता डाऊटफुल. नव्या कापडाला खळ असते, ती अंगात मुरल्याशिवाय जात नाही, असं काकांचं म्हणणं. मग सुरू झालं ते आमच्या स्ट्रीटनं आजवर पाहिलं नव्हतं. सकाळी काका पातळ स्वतः धुवत, वाळवत, आणि दुपारी उघड्या अंगावर डाव्या खांद्यावरून ते घेऊन अंगणात फेऱ्या मारत. चाळीस फेऱ्या. घाम त्यात जिरला पाहिजे. उन्हाळा असा की कुत्रीसुद्धा नालीत बसून होती. समोरचे साहू रस्त्यावरून ओरडले, "का भौजी, नल में पानी आया क्या?" काका फेरी न थांबवता म्हणाले, "आया. बाल्टी लाओ."

मीही हसलो. खोटं कशाला बोलू? कुंपणावरून बघत मी रोज दोरीवरच्या पातळाचा आकडा मनात ठेवत होतो. पौर्णिमेपर्यंत ते बावीस वेळा धुऊन झालं.

पौर्णिमेला सकाळी काकू दाराबाहेर आल्या. सहा महिन्यांत पहिल्यांदा. पांढरं पातळ, पदर डाव्या खांद्यावर. आमच्या हिनं पुढे होऊन हात धरला, तर काकू म्हणाल्या, "चालते न मी. पायाले काई नाई झालं."

विहारात त्या पुढे बसल्या आणि त्यांनी वंदना सुरू केली. आवाज जरा बारीक झाला होता, पण एक शब्द चुकला नाही. बायका मागून म्हणत होत्या. पुरुषांच्या बाजूला काका माझ्याशेजारी बसले होते. सगळ्यांची नजर मूर्तीकडे, काकांची काकूंच्या खांद्यावर. पस्तीस मिनिटं. काकूंचा हात एकदाही खांद्याकडे गेला नाही. काकांनी मला कोपरानं ढोसलं. "पाह्यलं? हात नाई गेला." त्यांचा चेहरा इतका उजळलेला मी त्यांच्या निवृत्तीच्या दिवशीही पाहिला नव्हता.

खीर वाटायच्या वेळी माझी बायको माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "काकूंना सहन होत नाहीये. निखारा ठेवल्यासारखं होऊन राहिलं म्हणतात. मी म्हटलं, काढा, घरी चला. तर म्हणाल्या, त्याईले नको सांगू वो. बावीस खेपा धुतलं त्यायनं."

काकांनी आम्हाला बोलताना पाहिलं होतं. खिरीची वाटी घेऊन ते माझ्याजवळ आले. "काय म्हने काकू तुमच्या मालकिनीले?"

मी म्हणालो, "खीर गोड झाली म्हणे."

माझ्या आयुष्यात मी एकदाच चुकीचा आकडा सांगितला, तो हा. काका माझ्याकडे पाहत राहिले, वाजवीपेक्षा जास्त वेळ. वाटी माझ्या हातात देऊन ते बायकांच्या बाजूला गेले.

परत निघालो तेव्हा ऊन चढलं होतं. काका-काकू पुढे, आम्ही दोघं मागे. रस्ता माणसांनी भरलेला, सगळे ओळखीचे, प्रत्येकाचा जय भीम. काका काकूंच्या किंचित मागून चालत होते. मला आधी वाटलं, त्यांच्या खांद्यावर हात ठेवलाय. मग नीट दिसलं. काकांनी दोन बोटांत पदर धरून तो काकूंच्या खांद्यावरून दोन इंच वर उचलला होता, आणि तसाच धरून ते पावलाला पाऊल जुळवत चालले होते.

काकूंनी मागे न पाहता विचारलं, "कोनं सांगितलं तुमाले?"

"कोनं नाई."

"मंग सोडा न, अवो. सारे पाहून राहिले."

"पाहू दे," काका म्हणाले. "तू सरळ चाल."