हसनाबादला पावलेला मंगळाचा सेनापती

"आजपासून बैलाची शिंगं रंगवणं बंद!" इंद्रभानने भर चावडीसमोर जाहीर केलं. "आता एकदम पुणं!"

लोक हसले. पण या खेपेला गडी खरं बोलत होता. त्याचा दोस्त आबाराव, कापसाच्या जिनिंगमधला कारकून, याने मंगळावरून पृथ्वीवर चालून आलेल्या फौजेची कथा लिहिली होती आणि पुण्याच्या एका मासिकाने ती चक्क घेतली होती! वर संपादकांचा निरोप होता : मुखपृष्ठ इंद्रभानने काढावं, पसंत पडलं तर चित्रकार म्हणून कायमचं ठेवून घेऊ. लग्नघरच्या भिंतींवर हत्ती अन् भालदार काढण्यात अर्धा जन्म गेलेला माणूस तो. त्याला आणखी काय पाहिजे?

त्याने लाकडी फळीवर तैलरंगात मंगळाचा सेनापती काढला. लालभडक अंग, तीन डोळे, चार हात, हातात चार तऱ्हेची हत्यारं. कोपऱ्यात झोकात सही : 'इंद्रभान, हसनाबाद'. चित्र झालं झकास, पण रंग वाळेना! अन् दुसऱ्या दिवशी पार्सल बदनापूरच्या स्टेशनावर पोचायलाच हवं होतं.

म्हणून सकाळीच त्याने फळी लिंबाच्या पारावर टेकवली, तोंड उगवतीला. कोंबड्या येऊ नयेत म्हणून भोवती दगड मांडले. ओल्या रंगाला माशा चिकटू नयेत म्हणून समोर ऊद पेटवला. धूळ उडू नये म्हणून वहाणासुद्धा लांब काढल्या. एवढी काळजी त्याने स्वतःच्या लेकराची घेतली नव्हती!

शेजारची सोनूबाई हरवलेली म्हैस हुडकत तिथून चालली होती. ती थबकलीच.

"कोण रं हे, इंद्रभान?"

"लांबून बघा, मावशी! हात लावाल तर वाटोळं होईल!" आणि मग कलावंताची छाती फुगली. "हा मंगळावरून आलाय. कोपला तर सगळी पृथ्वी जाळून टाकील!"

एवढं बोलून शहाणा घरी जाऊन जेवला आणि आडवा झाला.

उठला तो हलगीच्या आवाजाने. पारावर येऊन बघतो तर सगळं गाव गोळा! सेनापतीच्या अंगावर तेल-शेंदराचा हा जाड थर! त्याखाली दोन हात गडप, सही गडप! समोर नारळांचा ढीग. सोनूबाईने हात जोडले अन् तिची हरवलेली म्हैस नेमकी त्याच लिंबाच्या सावलीत येऊन उभी राहिली होती म्हणे.

"मेलो!" इंद्रभान फळी उचलायला धावला. धर्मराज पाटलांनी त्याचं मनगट धरलं.

"बसलेला देव उठवतो का? आँ?"

"पाटील, देव न्हाई हो! म्या काढलंय ते! मघापर्यंत वाळवून राह्यल्तो!"

"तू? अरे, तुला भालदाराचं नाक धड काढता येत न्हाई. हे तुझ्या हातचं काम हाय का? त्यानंच काढून घेतलं तुझ्याकडून!"

"तो आपल्यावर हल्ला करायला आलाय, पाटील!"

"मंग त्याला शांत कराया नको?"

तेवढ्यात आबाराव धापा टाकत आला. "अरे, माझा सेनापती!"

"सांग, आबा, सांग ह्यांना!" इंद्रभान रडकुंडीला आला. "ही तुझी गोष्ट हाय, बिलकुल खोटी हाय, सांग!"

पाटलांनी आबारावाला हात जोडले. "तुम्हाला ह्याची सगळी कथा ठाऊक हाय म्हणता? मंग सांगा, ह्याला काय चालतं? बोकड का पुरणपोळी?"

आबारावाने तोंड उघडलं. इतकी वर्षं तो लिहीत होता, पण त्याच्या गोष्टीतलं काही आजवर कुणी आपण होऊन विचारलं नव्हतं. सगळं गाव कान टवकारून उभं होतं.

"पुरणपोळी," तो हळूच म्हणाला.

झालं! इंद्रभानने त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणं टाकलं. चित्र नाही म्हणून मासिकाने मुखपृष्ठावर छापखान्यात पडलेला आगबोटीचा ठसा ठोकला आणि पुण्याची जागा दुसऱ्याच कुणाला गेली. आबारावाने पुढे मंगळाची एकही कथा लिहिली नाही. सेनापतीची आरती मात्र लिहिली, ती अख्खा भोकरदन तालुका म्हणतो. लेखकाचं नाव कुणी विचारत नाही.

इंद्रभान दरसाल जत्रेआधी देवाचे डोळे रंगवून देतो. एकदा भीत भीत म्हणाला, "कोपऱ्यात बारीक नाव घालू का?"

"देवाच्या पायाशी तुझं नाव? लाज न्हाई वाटत?" पाटील गरजले.

परवाच्या पोळ्याला इंद्रभान शिंगं रंगवत बसला होता. बायको, गोपिकाबाई, पारावरून नारळ फोडून आली, खुशीत.

"कशाचा नारळ?"

"नवस केल्ता म्या, पहिल्याच दिवशी. तुमचं ते पुण्याचं याड सुटू दे म्हणून. औंदा पुरतं सुटलं, फेडून आले." तिने खोबऱ्याचा तुकडा त्याच्या रंगलेल्या हातावर ठेवला. "जागृत हाय हो देव! घ्या, परसाद खा."