कथेतला माणूस जेवला का?

कुठलीही कथा वाचून झाली की निलेशची पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते. "आल्झो, म्हणजे, कथा चांगलीये. पण तो माणूस जेवला का?"

आम्ही जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगमधली मराठी मंडळी महिन्यातून एका शनिवारी आमच्या घरी जमतो. एक जुनी कथा, एक नवी कथा, मग प्रत्येकाने आपली प्रतिक्रिया द्यायची आणि नंतर चहा. नियम माझा आहे. प्रतिक्रिया दिल्याशिवाय चहा नाही, कारण आमचे मिलिंदराव फक्त बटाटेवड्यांसाठी येऊन बसायला लागले होते, स्वतःच्याच घरात.

निलेश बार्शीचा. इथल्या युनिव्हर्सिटीत मेकॅनिकलचं मास्टर्स करतो. उंच, किडकिडीत, बाराही महिने एकच जॅकेट. पहिल्यांदा आला तेव्हा आम्ही एक जुनी कथा वाचली होती. तिच्यात सासुरवाशीण पहाटे घर सोडून निघून जाते आणि तिथेच कथा संपते. आमच्या डोळ्यांत पाणी. निलेश म्हणाला, "पायात चप्पल होती का तिच्या? आणि दुपारपर्यंत कुठं पोचली? भाकरी बांधून घेतली असती तर बरं झालं असतं."

नव्या कथांवर तर त्याचा भारीच राग. एका कथेत एक तरुण कपडे धुवायच्या दुकानात मशीनसमोर बसून नुसता फिरणाऱ्या कपड्यांकडे बघत राहतो. आमचा अनिरुद्ध त्यातल्या एकाकीपणावर बराच वेळ बोलला. तो साहित्यातला जाणकार, निदान त्याचं तसं म्हणणं आहे. निलेशने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते सगळं गेनाऊ, अगदी बरोबर. पण कपडे बाहेर काढले का त्यानं? ओले राहिले तर वास मारतात."

असा हा प्राणी. बरं, प्रश्न विचारून गप्प बसेल तर शपथ. उत्तर मिळेपर्यंत उठायचा नाही आणि कोणाला उठूही द्यायचा नाही. त्याला साडेतीनला निघायचं असायचं, म्हणून सव्वातीनपासून तो आमच्या मागे लागायचा. "लवकर ठरवा, पुढं काय झालं ते. मला जायचंय." घर सोडून गेलेल्या नायकाला जागा कुठे मिळाली, नव्या पत्त्याचं आनमेल्डुंग, म्हणजे इथली सरकारी नोंद, त्याने केलं की नाही, इथपर्यंत त्याला लागायचं. मग मी काहीतरी ठोकून द्यायचे, की त्याला मामा होता, मामाने ठेवून घेतलं, मामी सुगरण होती. निलेश मान डोलवायचा आणि जॅकेट चढवून पळायचा.

परवाच्या शनिवारी मात्र भडका उडाला. कथा होती एका लिफ्टमनची. इमारतीत नवी लिफ्ट येते, त्याची गरज संपते. शेवटच्या दिवशी तो आपल्या स्टुलावर बसतो, दार बंद होतं, कथा संपते.

"मग तो कितव्या मजल्यावर उतरला?" निलेश.

"निलेश, कथा संपली," अनिरुद्ध म्हणाला. "संपली म्हणजे संपली. ते बंद दार हाच शेवट आहे."

"असं कसं? आत माणूस आहे ना."

अनिरुद्धने पुस्तक मिटलं. निलेश एकेकाकडे बघत बसला. मीही त्या दिवशी वैतागले होते, काही बोलले नाही. साडेतीन वाजले तसा तो तोंड पाडून निघून गेला. अनिरुद्धने मला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं, "केतकी, पुढच्या वेळी तो तरी येईल नाहीतर मी."

अशा गोष्टी मी व्हॉट्सअॅपवर उरकत नाही. रविवारी दुपारी डबा घेऊन निलेशच्या वोनहाइमला, विद्यार्थ्यांच्या वसतिगृहावर गेले. मनात वाक्यं तयार होती. राग मानू नकोस, तू तुझ्या आवडीचं वाच, आमच्यात नको.

दार उघडंच होतं. निलेश टेबलाशी बसला होता आणि समोर फोन उभा करून ठेवला होता. फोनवर त्याची आई. तिच्यापुढे ताट, ताटात अर्धी भाकरी. मला बघून त्याने फोनवरचा आवाज बंद केला.

"ताई, बसा. तिकडं तिची जेवायची वेळ होते, म्हणून साडेतीनला पळतो मी. बाबा गेल्यापासून ती एकटी जेवतच नाही. दोन घास खाऊन ताट सारते. गोष्ट चालू असली की तेवढा वेळ खाते. कालपासून लिफ्टवाला चालू होता, आज संपला." तो घुटमळला. "दार बंद झालं म्हणून सांगितलं, आणि तिनं हात थांबवला. मला नाही सुचत हो पुढचं. आमच्या घरी गोष्टी बाबा सांगायचे."

मी त्याला खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः बसले. आवाज चालू केला.

"नमस्कार. मी केतकी. लिफ्टवाला तिसऱ्या मजल्यावर उतरला."

आई जरा बुजली. मग म्हणाली, "तिथं कोण होतं?"

"कमळाबाई. त्या म्हणाल्या, अहो, पिठलं केलंय, चार घास खाऊन जा."

"घरात आणखी कोण असतं त्यांच्या?"

"कोणी नाही. मालक गेले, मुलगा परगावी शिकतो."

आईने ताट जरा जवळ ओढलं. निलेश माझ्यामागे भिंतीला टेकून उभा होता.

"मग एकटीपुरतं करतात का त्या, रोज?"

"आधी नव्हत्या करत. आता करतात. मुलगा तिकडून विचारतो ना, खोटं किती दिवस सांगणार?"

तिने भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. "पिठल्यासंगं भात होता का?"

"होता. गरम."

"थांबा ताई," ती उठली. "मीबी घेते जरा."

माझे डोळे भरून आले, आणि कालच्या माझ्या गप्प बसण्याचा संतापही आला. निलेशने हळूच विचारलं, "ताई, तुम्ही काही सांगायला आला होता का?"

"पुढच्या बैठकीला तासभर लवकर ये, कथेचं पुढचं आपण आधीच ठरवू," मी म्हटलं. "अनिरुद्धचं मी बघते. आता बोलू नकोस."

आई भात घेऊन परत येईपर्यंत मला दुसऱ्या मजल्यावरच्या माणसांची नावं ठरवायची होती.