डावीकडे ओढणारी रायफल

आमच्या कोरगावात दत्ताराम हवालदारांच्या घरी रविवारी सकाळी गेलात, तर चहाला उशीर होतो. वाईट वाटून घेऊ नका. चुलीवरचं पहिलं आधण रायफलीचं असतं. हवालदार नळीच्या एका टोकाला नरसाळं लावतात, उकळतं पाणी आत ओततात, खाली बादलीत पडलेल्या पाण्याचा रंग बघतात आणि समाधानानं मान हलवतात. मग नळी पुसून, तेल देऊन झालं, की त्यांच्या पत्नी शेवंतीवयनी दुसरं आधण ठेवतात. ते पाहुण्याचं.

मी एकदा म्हटलं, "भाऊ, रायफल गेल्या वर्षभरात झाडलेली नाही. दर रविवारी काय मळते तिची नळी?"

"तू वर्सभर काय झाडलंस? तरी आंघोळ करतंस मां?"

मी चहाची वाट बघत बसलो.

हवालदार फौजेतून निवृत्त होऊन वीस वर्षं होऊन गेली. रायफल त्यांच्याहून म्हातारी. लष्करानं कधीच बाद केलेला बोल्टचा जुना नमुना, त्यांच्या एका साहेबांकडून रीतसर लायसन्सवर मिळालेला. शिकारीशी त्यांचा संबंध नाही. डुकरांनी मागच्या दारचे कणगरांचे कंद उकरून खाल्ले, तेव्हाही हवालदार डबा बडवत धावले. रायफल कपाटात कुलुपातच होती. ती फक्त वर्षातून एका दिवसासाठी. डिचोलीकडे एका बंद पडलेल्या खाणीच्या खड्ड्यात रेंज आहे, तिथे माजी सैनिकांची आणि त्यांच्या घरच्यांची नेमबाजी होते. आणि तिथे हवालदारांच्या गोळ्या गेली दोन वर्षं काळ्या वर्तुळाच्या डावीकडे जात होत्या.

"रायफल दाव्याक वडता," हे त्यांचं निदान. म्हणजे डावीकडे ओढते. पुढे पुढे ते सगळ्यालाच लागू झालं. बस चुकली, दाव्याक वडता. पंचायतीनं गटार अर्धंच बांधलं, दाव्याक वडता. माझ्या लग्नाचं दुसऱ्यांदा फिसकटलं, तेव्हा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझां नशीब जरा दाव्याक वडता. दुरुस्त जातला."

रायफल दुरुस्त करायची, पण तिच्यावर खर्च करायचा नाही, हा त्यांचा नियम. फौजेनं शिकवलेलं सगळं त्यांनी घरातल्याच वस्तूंवर बसवलं. नळी पुसायला वयनींच्या जुन्या सुती साड्यांचे चौकोन. वयनी म्हणायच्या, "माझ्यापरास तिणां जास्ती साड्यो नेसल्यो." नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा खुंट, उन्हात चमकू नये म्हणून तिला वयनींचं काजळ. नळी टेकवायला वाळूच्या पिशव्या हव्या होत्या, त्यासाठी माझी तुयेच्या कारखान्यातली जुनी पँट गेली. दोन्ही पाय कापून, वाळू भरून, तोंडं शिवली. ओटीवर माझे दोन पाय आडवे पडलेले असत आणि येणारा-जाणारा दचके.

पण खरा कहर लग्नपत्रिकांचा. पावसाळ्यात रायफलीचं लाकूड फुगतं आणि नळीला एका बाजूनं दाबतं, असा त्यांना शोध लागला. लाकूड थोडं तासून, पुढच्या टोकाशी नळीखाली जाड कागदाची पट्टी सरकवली, की नळी नीट बसते. तो कागद लग्नपत्रिकेचा. कुणी आमंत्रण द्यायला आलं, की हवालदार आधी पत्रिका दोन बोटांत धरून चोळून बघत.

"बरी आसा," ते म्हणत. "जाड आसा. न्हवरी कोणाची?"

पातळ पत्रिकेच्या लग्नाला ते जात, पण जेवून लगेच परतत.

निवडणुका जाहीर झाल्या, की लायसन्सची हत्यारं पोलीस स्टेशनात जमा करावी लागतात. त्या दिवशी हवालदार रायफल चादरीत गुंडाळून माझ्या व्हॅनमधून पेडण्याला घेऊन जायचे. खिडकीकडे बोट दाखवून शिपायाला बजावायचे, "जनेलाकडे ठेवू नाका, दमट वारो लागता." मग मतमोजणी होईपर्यंत दर दोन दिवसांनी तेलाची बाटली घेऊन चौकशीला. शेवटी तो शिपाई मला म्हणाला, "दादा, ह्यांका सांगा, हॉस्पिटलात पण भेटपाची वेळ आसता."

गावात गोळी झाडायची सोय नाही, म्हणून सराव रिकाम्या रायफलीचा. हवालदार ओटीवर पालथे पडत. वयनी हातातला विळा किंवा पळी ठेवून येत आणि नळीच्या टोकावर पोर्तुगीज काळातलं एक तांब्याचं नाणं ठेवत. हवालदार श्वास रोखून घोडा दाबत. खट्. नाणं पडलं नाही, तर हात स्थिर.

"पडलां?"

"ना."

"परत."

वयनींनी ते नाणं किती हजार वेळा ठेवलं असेल, देव जाणे. पोदेर सायकलचा भोंगा वाजवत पाव घेऊन आला, तरी त्याला थांबावं लागे. नाणं आधी.

यंदा मार्गशीर्षात आम्ही तिघं व्हॅनमधून रेंजवर गेलो. रायफल अशी सजली होती की नवरीनं लाजावं. आत तीन लग्नांच्या पत्रिका, माशीला काजळ. हवालदार खुशीत होते. साखळी गावात थांबून त्यांनी आम्हा दोघांना भजी-पाव खायला घातला. त्यांनी स्वतः काही खाल्लं नाही. "भरल्या पोटान हात हलता."

त्यांची पाळी आली. माझ्या पँटीच्या पायांवर नळी टेकवून त्यांनी पाच गोळ्या झाडल्या. निशाणाचा कागद आणला. दोन भोकं डावीकडे, एक खाली, एक अगदी कडेला. पाचवी कागदावर नव्हतीच.

"पत्रिका सरकली," हवालदार म्हणाले. "नायतर स्क्रू."

रेंजवर सुभेदार गावस होते. निवृत्त माणूस, मितभाषी, हवालदारांच्या ओळखीचे. त्यांनी स्क्रू तपासले, नळीखालून कागदाचा कपटा फिरवून बघितला. मग स्वतः पालथे पडले आणि त्याच रायफलीनं पाच गोळ्या झाडल्या.

कागद आला. पाचही भोकं वर्तुळाच्या मधोमध. वर करवंटी ठेवली असती, तर सगळी झाकली गेली असती.

सुभेदारांनी रायफल दोन्ही हातांनी परत दिली. "दत्ताराम, रायफल एकदम बरी केलंस. असली मी नवी पण बघूक ना."

दुसऱ्या कुणाला ही आयुष्यातली सर्वांत मोठी शाबासकी वाटली असती. हवालदारांचा मात्र चेहरा उतरला. ते कागदाकडे बघत राहिले आणि मग वयनींनीच पुढे होऊन रायफल चादरीत गुंडाळली.

परतीच्या वाटेवर डिचोली गेली, अस्नोडा गेलं. मी आरशात बघितलं. हवालदार खिडकीबाहेर बघत होते. वयनी त्यांच्याकडे.

"उजवो डोळो," वयनी हळूच म्हणाल्या. "दोन वर्सां झाली."

हवालदारांनी गर्रकन मान वळवली. "तुका कोणी सांगलां?"

"सांगूक कित्याक जाय? तुमी ताटातली मिरची माशे म्हणून खातात."

मग हळूहळू सगळं निघालं. दोन वर्षांपूर्वी ते एकटेच म्हापशाला डोळ्याच्या डॉक्टरकडे गेले होते. घरी सांगितलं होतं, बँकेत जातो. डॉक्टरनं सांगितलं, हा मोतीबिंदू नाही, कापून जाणारा नाही. डोळ्याच्या मधलाच भाग झिजलाय. कडा दिसतील, मधलं दिसणार नाही. चष्म्यानं भागणार नाही.

"मग रायफलीला कशाला दोष दिलात?" मी विचारलं, आणि विचारल्यावर वाटलं, नको होतं.

त्यांनी चादरीत गुंडाळलेल्या रायफलीवर हात ठेवला. मग म्हणाले, "रायफल दुरुस्त करूक येता."

त्यानंतर दोन रविवार मी त्यांच्या घरी गेलो नाही. काय बोलायचं, हेच कळेना. तिसऱ्या रविवारी गेलो, तेव्हा ओटीवर वयनी हात कोपरात वाकवून उभ्या होत्या आणि हवालदार टेलरची टेप घेऊन त्यांच्या कोपरापासून तर्जनीच्या पेरापर्यंत माप घेत होते. डोळा अगदी टेपजवळ.

"बघ रे," वयनी मला म्हणाल्या. "चाळीस वर्सांत पोलक्याचां माप कधी विचारलां ना ह्यांणी."

"हालू नाको," हवालदार म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "हिचो हात आखूड. दस्तो दोन बोटां लांब पडता. लांब पडलो की मान ताणता, मान ताणली की नेम जाता."

कोपऱ्यात करवत होती. मी म्हटलं, "भाऊ, मूळचं लाकूड आहे. कापलं की गेलं."

"गेलां तर गेलां. लायसन्साक तिच्या नावाचो अर्ज घातलो. फुडल्या वर्सा ती मारतली."

"माका कोणी विचारलां?" वयनी म्हणाल्या. पण हात तसाच वाकवलेला होता.

त्यांनी पेन्सिलीची खूण केली, दोनदा बोटांनी चाचपून बघितली आणि करवत लावली. भुसा पडत राहिला. तुकडा निघाला, तो बाजूला ठेवून त्यांनी कडा पॉलिश पेपरनं घासली. मग बोल्ट उघडून आत बोट घालून रायफल रिकामी असल्याची खात्री केली आणि ती वयनींच्या हातात दिली.

वयनी चटईवर पालथ्या पडल्या, पदर नीट केला आणि दस्ता खांद्याला लावला. तो बसला. हवालदार शेजारी जमिनीवर बसले आणि त्यांनी नळीखाली आपला हात धरला, वयनींना वजन होऊ नये म्हणून. समोर कुळागरातल्या माडा-पोफळींच्या पलीकडे डोंगर होता.

"काय दिसता?" त्यांनी विचारलं.

"काजीचां झाड."

"आनी?"

"मोहर इलो हा. एक फांदी मोडली आसा." वयनींनी गाल लाकडाला आणखी टेकवला. "खाली दोन मोर फिरतत. एकाचो पिसारो झडलो हा."

"आनी?"

वयनी सांगत गेल्या. मी चहाची वाट न बघता पायऱ्या उतरलो. फाटकापर्यंत गेलो, तरी मागून त्यांचा आवाज येत होता. "आनी?"