ढवळी विरुद्ध एसटी

पोळ्याच्या आदल्या सांजेला आमचा सगळा गाव बैलांचे खांदे हळद-लोण्यानं मळतो आणि त्यांच्या कानात सांगतो, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." भुजंगरावही हे सगळं अगदी मनापासून करायचे. फक्त बैल झाले की ते लोण्याची वाटी घेऊन पाण्याकडं जायचे आणि नावेचे खांदे, म्हणजे तिचे दोन्ही काठ, मळायचे. मग वाकून तिलाही आवतन द्यायचे.

"अहो, नावेला कान कुठं असतो?" मी एकदा न राहवून विचारलं.

"वारं आलं की थरथरती का न्हाई? मंग ऐकू येतंच की तिला. टेलर, तुमी आपलं कापडाचं बगा."

मी गावचा टेलर. त्या नावेचं शीड माझ्या मशीनवर शिवलेलं आहे, त्यामुळं तिच्याबद्दल बोलायचा हक्क माझा आहे आणि तो मी सोडणार नाही.

समुद्र आमच्यापासून इतका लांब, की गावात तो पाहिलेला माणूस नव्हता. पण येलदरीचं धरण झालं आणि पाणी थेट आमच्या शिवारापर्यंत आलं. पल्याडच्या काठाला भुजंगरावांची सासुरवाडी. पूर्वी नदी ओलांडली की झालं. आता तिकडची चूल पेटलेली दिसायची, पण जायचं तर एसटीनं धरणाच्या भिंतीवरून हा एवढा वळसा. मासेमारांचे तराफे होते, पण वारं सुटलं की तेही काठाला बांधून ठेवायचे. सगळ्यांनी ते निमूट मान्य केलं होतं. भुजंगराव म्हणाले, "वाऱ्याच्या दिवशी एसटीच्या आधी पल्याड पोचायचं. बास." का, ते सांगितलं नाही. भल्या शेतकऱ्याला हे काय सुचलं, म्हणून गाव हसलं. मीही हसलो.

हे खूळ आलं सेलूहून. कापूस घालायला गेले आणि एका अडत्याच्या पेढीवर त्यांना परदेशी कॅलेंडर दिसलं. निळं पाणी, त्यात शर्यतीची पांढरी नाव, अशी कललेली की आता पडली. तिच्या वर उचललेल्या काठावर माणसं तोल धरायला बाहेर लटकून बसलेली, वर हसतायत. भुजंगराव भाव-बिव विसरून तेच बघत उभे. शेवटी अडत्यानं कंटाळून कॅलेंडर काढून हातात दिलं. तेव्हापासून त्यांच्या तोंडी एकच पालुपद, "कललं म्हंजी पडलं न्हाई." भिंत झुको, गाडी झुको, जावई पिऊन झुको, हेच.

नाव गावच्या सुतारानं केली. त्यानं जन्मभर बैलगाड्याच केलेल्या, त्यामुळं सवयीनं पुढं जू अडकवायची जागा ठेवली. शिडाचं काम माझ्याकडं आलं.

"माप कुणाचं घ्यायचं?" मी विचारलं.

"वाऱ्याचं घ्या."

"मग उभं करा त्याला माझ्यासमोर."

भुजंगराव हसले नाहीत. त्यांनी मला हाताला धरून पाण्यावर नेलं आणि उभं केलं. वारं अंगावरून जात होतं, पाण्यावर बारीक चुण्या पडत होत्या. "आता घ्या माप," म्हणाले. काय सांगू, मी खुळ्यासारखे हात पसरले. दुकानात येऊन जाड मांजरपाटाचं तिकोनी शीड शिवलं. सवयीनं खिसाही लावला. तो त्यांना तंबाखूला उपयोगी पडला.

नावेचं नाव ठेवलं ढवळी.

शर्यत दर वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. एसटीचा कंडक्टर डबल बेल मारणार, ती ऐकून भुजंगराव दोर सोडणार. एसटीला आपण शर्यतीत आहोत याचा पत्ताच नव्हता. मी पंच, म्हणून तिकीट काढून खिडकीशी बसायचं.

पहिल्या वर्षीचं ते दृश्य अजून डोळ्यापुढं आहे. गाडी टेकाडावर चढली आणि खाली सगळं पाणीच पाणी, त्यावर ढगांच्या सावल्या चाललेल्या, आणि त्या सावल्यांतून आमचं पांढरं शीड एकटंच सरकत होतं. गाडीतली कोंबड्यांची कलकलसुद्धा थांबल्यासारखी वाटली. वाटलं, मी शिवलेलं कापड नव्हेच हे, कुणीतरी स्वप्नात शिवलेलं आहे. पुढच्या वळणावर बघतो तर शीड नाही. ढवळी कलली होती आणि पडलीही होती. भुजंगराव तिला धरून पोहत होते.

दुसऱ्या वर्षी त्यांनी कॅलेंडर नीट पाहिलं आणि स्वतः वरच्या काठावर लटकून बसायचं ठरवलं. पण आदल्या सांजेला त्याच काठाला हळद-लोणी चोळलेलं! पहिली झुळूक आली, नाव कलली, आणि भुजंगराव जे घसरले ते सुळकन पाण्यात. ढवळी एकटीच थोडी पुढं गेली आणि वाट बघत थांबली. "लोणी लावू नका मग," मी म्हणालो. तर माझ्यावरच भडकले, "आवतन द्यायचं अन् खांदा कोरडा? बैलाशी असं वागलाव का कदी?"

पुढं विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद असला की एसटी यायची नाही. पाणी मोकळं, वारं फक्कड, पण भुजंगराव नाव काढायचे नाहीत. "समोर कुनी न्हाई अन् एकट्यानं पळायचं? ही काय शर्यत हाय?"

मग एका वर्षी वरच्या काठाला ज्वारीचं पोतं ठेवलं. वारं फिरलं, पोतं खालच्या बाजूला आलं आणि ढवळी पुन्हा पालथी. "पोत्याला सरकायची अक्कल न्हाई," असं म्हणून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी लगेच सांगितलं, "मी पंच आहे." खरं म्हणजे मला पोहता येत नाही.

त्यांची बायको गयाबाई या सगळ्यापासून लांब. पाण्याकडं फिरकायची नाही, माहेरचं नाव काढायची नाही. मला मात्र बजावायची, "भाऊ, तुमी तरी ते शीड शिवू नका. बुडंल एक दिवस हे मानूस."

शेवटच्या वर्षाची गोष्ट. पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यांच्या अंगणात मी फाटलेलं शीड सांधत होतो आणि ते लोणी फेटत होते. मी वैतागून म्हणालो, "भुजंगराव, साठी आली. एसटीनं तुमचं काय घोडं मारलंय?"

त्यांनी लोण्यात हळद टाकली आणि कालवायला घेतली.

"एसटीचा काय कसूर? हिची आई आजारी पडली तवा असंच वारं होतं. निरोप आला, लवकर या. तराफा कुनी काढंना. एसटीनं गेलो. वेशीत उतरलो अन् रडनं ऐकू आलं. थोडक्यात हुकलं बगा. आईच्या तोंडात पानी घालायचं राह्यलं हिचं." त्यांनी बोटं वाटीच्या कडेला पुसली. "एका शब्दानं बोलली न्हाई मला. भांडली असती तर बरं झालं असतं. पन आजबी मनात घोळायलं हाय तिच्या, पान्यावरनं गेलो असतो तर पोचलो असतो का न्हाई. मला तेवढं बगायचंय."

आत गयाबाईच्या भांड्यांचा आवाज चालला होता, तो बंद झाला. मी उगाच दोरा तोडत बसलो.

दुसऱ्या दिवशी पोळा झाला, ढवळीला पुरणपोळीचा नैवेद्य झाला. त्याच्या दुसऱ्या सकाळी आम्ही काठावर आलो तर गयाबाई आधीच तिथं. हातात राखेची मूठ. ढवळीच्या वरच्या काठाचं लोणी तिनं खसाखसा घासून काढलं, धुतलं, पदर खोचला आणि चढून बसली.

"अगं, तू?" भुजंगराव.

"पोत्यापरीस बरी हाय की मी. सरका म्हनलं की सरकते. चला, गाडी आली."

मी धावत गाडी पकडली. डबल बेल झाली. टेकाडावरून पाहिलं तर ढवळी इतकी कललेली की माझा जीव खालीवर झाला. वरच्या काठावर दोन माणसं बाहेर लटकून बसलेली, शेजारी शेजारी. "कललं म्हंजी पडलं न्हाई, पडलं न्हाई," मी मोठ्यांदा म्हणत होतो आणि शेजारचे सरकून बसत होते. मग टेकाड आडवं आलं, आणि पुढं सगळा रस्ता काही दिसेना.

पल्याडच्या गावाला गाडी थांबली तेव्हा मी आधी काठाकडं पळालो. शीड उतरवलेलं होतं. भुजंगराव ओल्या धोतरानं दगडावर बसले होते. गयाबाई गुडघाभर पाण्यात उभी, ओंजळ भरलेली, तोंड गावाकडं.

"भाऊ, गाडी आत्ता आली?"

"आत्ताच, वैनी. बघा, धूळ अजून खाली बसली नाही."

तिनं धुळीकडं पाहिलं, मग नावेकडं.

"मंग पोचले असते मी," ती म्हणाली, आणि ओंजळीतलं पाणी तिनं हळूहळू सोडलं, जसं कुणाच्या तोंडात सोडावं तसं.

भुजंगराव उठले आणि पाठ फिरवून, आधीच सोडलेला दोर सोडत बसले.