आधी मोजून घेऊ

चष्म्याच्या डाव्या काडीचा स्क्रू अर्धा मिलिमीटर वर आला होता. उजवीकडचा अगदी समतल. डावीकडचा मात्र बोटाच्या टोकाला जाणवेल इतका बाहेर. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत बारा वर्षं काढलेल्या बाईला अर्धा मिलिमीटर दिसणार नाही, हे शक्यच नव्हतं. तिच्या टेबलाच्या दुसऱ्या खणात त्या मापाचा स्क्रूड्रायव्हरही होता. तरी त्या महिन्यात ती तिसऱ्यांदा चष्म्याच्या दुकानात गेली आणि म्हणाली, "हा पुन्हा सैल झालाय."

चष्मेवाल्याने स्क्रू पिळून दिला. तो दर वेळी एक फेरा कमीच पिळत असे. हे तिच्या लक्षात आलं होतं आणि तिने त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं.

प्रयोगशाळेत तिला सगळे दशांश म्हणत. कुणी किती वाजले विचारलं, तर ती सेकंदांसकट सांगायची. गंमत म्हणून नव्हे. विचारणाऱ्याला अर्धवट उत्तर देणं तिला बरं वाटत नसे. अकरा महिन्यांपूर्वी याच दुकानात, उंच खुर्चीवर बसवून तिच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलताना, "आता बरं, की आधीचं बरं होतं?" असं विचारता विचारता चष्मेवाल्याने त्याच सुरात विचारलं होतं, "आपण लग्न करायचं का?"

"पुन्हा एकदा दाखव," दशांश म्हणाली होती. मग प्रश्नाचा अर्थ लागला, कान लाल झाले आणि ती म्हणाली, "जरा थांब. मी विचार करते."

तो थांबला. अकरा महिने थांबला. त्याला वाटत होतं, ती त्याला तोलून पाहतेय. खरं तर तो पहिल्या आठवड्यातच पास झाला होता. तिचा निकाल अडला होता तो स्वतःपाशी, आणि त्याचं कारण एक व्हिडिओ गेम होता.

तीन वर्षांपूर्वी तिच्या कॉलेजातल्या मैत्रिणीने एका गेमच्या मराठी आवाजांचं काम घेतलं होतं. जादूगार, राक्षस, किल्ले, सात पंथ आणि नायकासोबत हिंडणारे नऊ सोबती. ऐन वेळी एका नटीचा घसा बसला. मैत्रिणीने दशांशला कपाटाएवढ्या खोलीत मायक्रोफोनपुढे उभं केलं. ती म्हणाली, "मला अभिनय येत नाही." मैत्रीण म्हणाली, "नकोच करूस. तू आहेस तशीच बोल." दोन दुपारी आणि चारशे बारा वाक्यांनंतर दशांश त्या गेममधली वैदीण झाली.

वैदीण तराजूपंथाची होती. हा पंथ काहीही करण्याआधी वजन करायचा. लढाईला तोंड फुटलं, नायकाने तलवार उपसली, की मागून वैदीण म्हणायची, "जरा थांबा. आधी मोजून घेऊ."

खेळणाऱ्यांना ती डोळ्यांसमोर नको झाली. त्यांच्या संकेतस्थळावर कौल घेतला गेला : वैदिणीचं काय करावं? चार हजार मतं पडली. विहिरीत सोडावं, तीन हजार एकशे बारा. पुलावर सोडून पळावं, आठशे चौऱ्याऐंशी. सोबत ठेवावं, चार.

दुसरी एखादी हसून मोकळी झाली असती. पण दशांशने आकडेवारीला कधी हसून उडवलं नव्हतं. ती तर आपल्याच आवाजात, आपल्यासारखीच बोलली होती. तिच्यासोबत पहिला अर्धा तासही तीन हजार नऊशे शहाण्णव माणसांना काढवला नाही. मग एका भल्या माणसाला अख्खं आयुष्य कसं काढवेल? हे ती त्याला सांगू शकत नव्हती आणि न सांगता हो म्हणणं म्हणजे नमुन्यातली अशुद्धी लपवून दाखला देण्यासारखं होतं.

"रविवारी घरी येतेस का?" स्क्रू पिळून झाल्यावर चष्मेवाला म्हणाला. "आई म्हणते, अकरा महिने नुसतं ऐकतेय, एकदा बघू तरी दे. ती निवृत्त झालीय, पण वेळ पाळते. चार म्हणजे चार."

रविवारी तीन वाजून एकोणसाठ मिनिटांनी दशांशने बेल वाजवली. दार उघडलं, ती चप्पल काढायला वाकली आणि तशीच वाकलेली राहिली. आतल्या खोलीतून तिचा स्वतःचाच आवाज येत होता.

"जरा थांबा. आधी मोजून घेऊ."

"मोज बाई मोज," दुसरा, खणखणीत आवाज म्हणाला. "इथं राक्षस माझं डोकं खातोय आणि तू चिमूट चिमूट करत बस."

"आईचा गेम चालू आहे," चष्मेवाला जरा ओशाळून म्हणाला. "मनगट आखडलं होतं ना तिचं. बोटं हलती ठेवा, असं सांगितलं होतं. दोन वर्षं झाली, बोटं काही थांबत नाहीत."

सोफ्याच्या कडेला एक ठेंगणी, ताठ कण्याची बाई बसली होती. बत्तीस वर्षं बस चालवून ती निवृत्त झाली होती आणि गेमचं यंत्र तिने स्टिअरिंगसारखं दोन्ही हातांनी धरलं होतं. "ये, ये. बस. वेळेवर आलीस, शाबास. एक मिनिट हं, आज मी या भवानीला विहिरीत सोडणारच आहे." तिने बटण दाबलं, राक्षस जागीच थिजला आणि पडद्यावर चौकट उघडली : वैदिणीला निरोप द्यायचा का?

"असू दे ना, आई," चष्मेवाला म्हणाला.

"दोन वर्षं तुझं असू दे, असू दे." आई पाहुणीकडे वळली. "तूच सांग. या तराजूवाल्यांइतकी नकोशी जमात मी पाहिली नाही. पुलाच्या तोंडाशी उभे राहतात. पिशवी उघडा, वजन दाखवा. अगं, मागे राक्षस लागलाय. यांच्यापेक्षा चोरांची टोळी परवडली. ते निदान झटपट लुटतात. बत्तीस वर्षं मी प्रत्येक थांब्यावर थांबले. आता घरात बसून पण कुणी मला थांबा म्हणायचं?"

दशांशने मान हलवली.

"आणि ही वैदीण म्हणजे त्यांच्यातली पट्टराणी. बरं, ते जाऊ दे. तू काय म्हणतेस? यायला त्रास नाही ना झाला?"

उत्तर द्यायला तोंड उघडताच दशांशच्या लक्षात आलं की हे उत्तर देता येणार नाही. पडद्यावर वैदीण, पडद्याबाहेर ती आणि दोघींना मिळून एकच आवाज. तिने घशाला हात लावला आणि कुजबुजली, "घसा बसलाय, काकू."

हे तिचं बारा वर्षांतलं पहिलं खोटं असावं. सवय नसल्यामुळे ते किती वाढू शकतं याचा तिला अंदाज नव्हता.

"काल तर ठीक होता," चष्मेवाला म्हणाला.

"आज सकाळपासून," ती कुजबुजली.

"कुजबुजू नकोस, त्याने जास्त ताण येतो," आई म्हणाली आणि उठली. आईचं उठणं म्हणजे बस सुटण्यासारखंच होतं. एकदा सुटली की मध्ये उतरायची सोय नाही. दोन मिनिटांत दशांशच्या गळ्याभोवती लोकरी मफलर आला. पाचव्या मिनिटाला पुढ्यात वही-पेन आलं. "लिहून दाखव. एक अक्षर बोलायचं नाही." आठव्या मिनिटाला टेबलावर उकळत्या पाण्याचं पातेलं आलं आणि डोक्यावर टॉवेल पडला.

टॉवेलाखाली अंधार होता, वाफ होती आणि पश्चात्ताप होता. चष्म्यावर धुकं साचलं. तो काढायला तिने डावी काडी धरली, तर काडी हातात आली. महिनाभर एकेक फेरा कमी पिळलेला स्क्रू टुणकन पातेल्यात पडला. तिने टॉवेलाबाहेर हात काढून, न बघता, वहीत लिहिलं : "स्क्रू पाण्यात."

आईने ते वाचलं. "अरे, ही काहीतरी भलतंच लिहितेय. ताप चढला की काय? वरच्या डॉक्टरांना बोलाव."

दशांशने घाईघाईने लिहिलं : "नको." पण चष्मा नसल्यामुळे ते आधीच्याच ओळीवर उमटलं आणि "स्क्रू नको पाण्यात" असं काहीसं झालं. चष्मेवाला जिन्याकडे धावला.

वरच्या मजल्यावरचे डॉक्टर कान, नाक आणि घशाचेच होते. रविवारची झोप मोडल्यामुळे ते एकाच बुटात आले होते. त्यांनी बॅटरी लावली. "आ करा. मोठा. अजून मोठा." मग त्यांनी मागे बघितलं. "घसा स्वच्छ आहे. विद्यार्थ्यांना दाखवावा इतका स्वच्छ."

"मग आवाज का येत नाही?" आईने विचारलं.

"तेच बघू. जरा आत बघावं लागेल." त्यांनी जीभ दाबायची लांब पट्टी काढली आणि पुढे सरसावले. चष्म्याविना दशांशला फक्त एक धूसर, भली लांब वस्तू आपल्याकडे येताना दिसली. बारा वर्षांचं वळण जिभेवर आलं.

"जरा थांबा," ती स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणाली. "ती पट्टी किती लांबीची आहे? आधी मोजून घेऊ."

डॉक्टरांनी पट्टी खाली घेतली. पातेल्यातून वाफ वर जात होती.

"आवाज आला," डॉक्टर म्हणाले. आपलं काम झालं असं त्यांना वाटलं आणि ते खूश होऊन एका बुटात वर निघून गेले.

आई सोफ्यावर बसली. तिने पडद्याकडे पाहिलं, मग पाहुणीकडे, मग पुन्हा पडद्याकडे. "वैदीण," ती म्हणाली.

दशांशने मफलर सोडला, त्याची चौकोनी घडी घातली आणि टेबलावर ठेवली. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिने सगळं सांगितलं. कपाटाएवढी खोली, दोन दुपारी, चारशे बारा वाक्यं. मतं तर तिला पाठच होती. "आणि त्या सगळ्यांचं बरोबरच आहे, काकू. मी अभिनय केलाच नव्हता. मी अशीच आहे. मी चहात साखर घालतानाही मोजते. तुम्हाला दोघांना हे आधी कळायला हवं होतं. म्हणून मी अकरा महिने..." पुढचं वाक्य तिला मोजता येईना.

"मला माहीत होतं," चष्मेवाला म्हणाला.

"काय?"

"तू पहिल्यांदा दुकानात आलीस, ते आठवतं? मी तुझ्या दोन डोळ्यांमधलं अंतर नुसत्या नजरेने लिहायला गेलो. तू म्हणालीस, जरा थांबा, आधी मोजून घेऊ. माझ्या हातातून भिंगांचा ट्रे पडला."

ट्रे पडल्याचं तिला आठवत होतं. तिने त्याची नोंद वेंधळेपणा अशी करून ठेवली होती.

"बोलला का नाहीस?"

"तू बोलत नव्हतीस. म्हटलं, तुला सांगावंसं वाटेल तेव्हा सांगशील." तो पातेल्यात चमच्याने स्क्रू शोधू लागला. "त्या चार मतांमधलं एक माझं आहे. तुला भेटायच्या आधीचं."

"तुला ती का आवडली?"

त्याने आईकडे पाहिलं. आईने तोंड फिरवलं. "माझ्याकडे काय बघतोस? सांग की."

"सगळे तिला पहिल्या अर्ध्या तासात विहिरीत टाकतात," तो म्हणाला. "त्यामुळे शेवटच्या किल्ल्यापर्यंत ती कुणासोबत पोचतच नाही. आम्ही तिला नेलं. तिथं आपण हरतो. पडतो. बाकीचे आठ सोबती पळून जातात. ती एकटी मागे फिरते आणि अख्खी पिशवी ओतते."

चारशे बारावं वाक्य. दुसऱ्या दुपारी, दमलेल्या घशाने म्हटलेलं. ते कुणी ऐकलं असेल असं दशांशला कधी वाटलंच नव्हतं. ती हळूच म्हणाली, "आता मोजायचं नाही. सगळं घ्या."

आईने नाक ओढलं. "वाफेने होतंय," ती म्हणाली. मग पडद्याकडेच बघत म्हणाली, "दुसरं मत माझं आहे. त्या दिवशी देऊन टाकलं. आणि लगेच दुसरा डाव सुरू केला, परत शिव्या द्यायला. आता यावरून घरात चर्चा नको."

"चारातली दोन," दशांश म्हणाली.

"म्हणजे?"

"पन्नास टक्के. या एका घरात." तिने पुन्हा मनात भागाकार करून पाहिला. उत्तर तेच आलं.

चष्मेवाल्याला स्क्रू सापडला. तो त्याने रुमालाने पुसला, काडी बसवली आणि खिशातल्या छोट्या स्क्रूड्रायव्हरने पिळू लागला. या वेळी तो एक फेरा आधी थांबला नाही. शेवटपर्यंत पिळला. तिने ते पाहिलं. आता दुकानात जायला निमित्त उरलं नव्हतं.

त्याने चष्मा तिच्या नाकावर ठेवला, काड्या कानांमागे बसवल्या आणि सवयीने विचारलं, "आता बरं, की आधीचं बरं होतं?"

समोर तो स्पष्ट दिसत होता. त्याच्यामागे आई, हातात गेमचं यंत्र घेऊन, मुद्दाम दुसरीकडे बघत बसलेली. पडद्यावर चौकट अजून तशीच होती : वैदिणीला निरोप द्यायचा का? आईने अंगठ्याने 'नाही' दाबलं. राक्षस परत हलला, नायकाने तलवार उपसली आणि मागून तो ओळखीचा आवाज आला.

"जरा थांबा. आधी मोजून घेऊ."

"मोजून झालंय," दशांश म्हणाली. "लग्न करू या."