स्वस्तात काढलेली अलैडा

घासाघीस करण्यात अख्ख्या हार्लेममध्ये माझा हात धरणारं कुणी नाही. हे मी म्हणत नाही, बाजारातल्या मासेवाल्या म्हणतात. मला लांबून पाहिलं की त्या हेरिंगच्या पिंपावर झाकण ठेवतात! मग भाचीचं चित्र काढायचं ठरल्यावर चिताऱ्याचं काय झालं असेल ते ओळखा.

भाची म्हणजे अलैडा. माझा भाऊ वाउटर विधुर, कापड पांढरं करून देण्याचा त्याचा धंदा. मी बिनलग्नाची, म्हणून त्याचं घर माझ्या गळ्यात. अलैडाचा जीव जडला होता बिअरवाल्यांच्या योस्तवर. योस्तचाही तिच्यावर. राहता राहिली योस्तची आई, माख्टेल्डबाई. आपण अंडं दिव्यासमोर धरून बघतो ना, तशी ही बाई माणसं बघते! ती रविवारी चर्चमधून थेट मुलगी बघायला येणार होती.

“दारातून आत पाऊल टाकलं की भिंतीवर मुलगी दिसली पाहिजे,” मी म्हटलं, “रेशमात!”

“अगं, मुलगी घरातच असेल की,” वाउटर म्हणाला. पुरुषांना व्यवहार कळत नाही.

चिताऱ्याकडं लाकडी फळीवर काढलेलं एक चित्र तयारच होतं. काळं रेशीम, जात्याएवढी लेसची कॉलर, सोन्याची साखळी, हातात धरलेले हातमोजे, बोटात अंगठी. सगळं अगदी झगझगीत! फक्त चेहरा नव्हता. ज्या घरासाठी काढलं, त्यांचा बेत फिसकटला होता.

“नुसतं तोंड भरायचं, तर तोंडापुरतेच गिल्डर घ्या,” मी म्हटलं. चिताऱ्यानं एक सुस्कारा सोडला. सौदा झाला!

रविवारी माख्टेल्डबाई आल्या. चित्रासमोर उभ्या राहिल्या. मान तिरकी केली. शेजारच्या मोकळ्या भिंतीकडं बघितलं. परत चित्राकडं.

“हिचा नवरा कुठंय?”

आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की नवराबायकोची चित्रं जोडीनं टांगतात. नवरा बघणाऱ्याच्या डाव्या हाताला, बायको उजव्या, आणि ती त्याच्याकडं वळलेली. आमची अलैडा डावीकडं वळून मोकळ्या भिंतीकडं अशी मायेनं बघत होती, जणू तो आत्ता जेवायला येणार! ते धड कुणाच्या तरी बायकोचं होतं, आणि ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

“वर अंगठीसुद्धा!” माख्टेल्डबाई म्हणाल्या. “आधी कुठं ठरलं होतं का हो हिचं?”

“छे हो! जोडीचं चित्र चौकटवाल्याकडं गेलंय,” मी ठोकून दिलं. “हिच्या वडिलांचं! बापलेकीची जोडी केलीय, हौसेनं.”

“असं? मग उद्या योस्तला घेऊन येते. दोन्ही एकदमच बघू.”

त्या गेल्या, आणि अलैडानं माझा हात धरला. “आत्या, योस्त हातचा गेला ना, तर मी हे चित्र चुलीत घालीन. आणि तुझ्याशी जन्मात बोलणार नाही!”

मी काय केलं, आतल्या खोलीत वारलेल्या वहिनींच्या चित्राशेजारी वाउटरचं चित्र होतं, ते उतरवलं आणि बाहेर अलैडाशेजारी टांगलं. वहिनी आत रिकाम्या खिळ्याकडं बघत राहिल्या.

सकाळी समोरची शेजारीण, ट्रेन तिचं नाव, दार धुता धुता आत डोकावली. तिचा फडका तिथंच थांबला! एवढ्या रेशमात तिनं अलैडाला ओळखलंच नाही, तिला दिसली वाउटरची नवी बायको. दुपारपर्यंत आमच्या दाराला हिरव्या पानांची माळ लागली, दोन घरांतून मसाल्याची गोड वाइन आली, नव्या नवरीसाठी. आणि काळा झगा सावरत पाद्रीबाबा.

“वाउटर, चर्चमध्ये नावं पुकारल्याशिवाय लग्न? तेही इतक्या कोवळ्या मुलीशी?”

“कुणाचं लग्न?” घरच्या झग्यात वाउटर धावत आला. भिंत बघितली. “हिल्ले! मेलेल्या बायकोच्या शेजारून मला उचललंस? आणि कुठं नेऊन बसवलंस!”

नेमक्या त्याच वेळी दारात माख्टेल्डबाई. मागं योस्त, चेहरा पिठासारखा पांढरा.

“हे वडील आहेत,” मी म्हटलं.

“कुणाचे?” पाद्रीबाबांनी विचारलं.

“ही हिच्या वडिलांची बायको आहे, असं बाहेर तुमची शेजारीण सांगतेय,” माख्टेल्डबाई म्हणाल्या.

मी नवीन काही ठोकून देणार, तेवढ्यात अलैडा पुढं झाली. “काकू, चित्र खोटं आहे. आत्यानं स्वस्तात आणलं. ती कॉलर माझी नाही, साखळी नाही, अंगठी नाही. ते हातसुद्धा माझे नाहीत!”

माख्टेल्डबाई फळीच्या अगदी जवळ गेल्या.

“मग यातलं आमच्या घरी येणार किती?”

“हनुवटीच्या वरचं,” अलैडा म्हणाली.

“मला तेवढंच हवंय!” योस्त ओरडला. केवढ्यानं! पाद्रीबाबांच्या हातातली वाइन सांडली. (हो, ते वाइन पीत होते.)

माख्टेल्डबाईंनी अलैडाला नखशिखांत बघितलं, अंडं बघतात तसं. “खरं बोलते,” त्या म्हणाल्या. “आणि आत्या इथंच राहणार ना?”

“मी कशाला येऊ तिकडं!”

“मग माझी हरकत नाही.”

आलेली वाइन अलैडाच्या लग्नाला वापरली. व्यवहार म्हणून तो वाईट नव्हता.

चित्र मात्र कुणालाच नको होतं. अलैडा नेईना, वाउटर बाहेर ठेवू देईना. म्हणून ते माझ्या खोलीत आहे. चिताऱ्यानं त्यावर आपलं नाव घातलेलं नाही, घालणारही नाही म्हणतो. कुणी पाहुणी विचारते, “ही श्रीमंत तरुणी कोण हो?”

मी खाली बघून म्हणते, “मीच. तरुणपणी.”

पाहुणी आधी चित्राकडं बघते. मग माझ्याकडं. मग पुन्हा चित्राकडं.

“लेस सुरेख आहे हं!” म्हणते.